इंजिन उघडण्याआधी काटा वाचा

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत सर्वांत जास्त कष्ट कोणाला पडतात? लेझीम खेळणाऱ्या पोरांना, असे कोणीही म्हणेल. पण त्यांच्या मागून बाबासाहेबांची प्रतिमा घेऊन चालणाऱ्या गाडीचे हाल कोणी पाहत नाही. मराठवाड्यातले एप्रिलचे ऊन, माणसाच्या चालीचा वेग, चार-चार तास पहिला गिअर आणि वर ध्वनिक्षेपकाचा भार. समोरून वारा लागत नाही. तापमानाचा काटा वर चढतो, मध्येच धपकन खाली येतो, उभ्या गाडीचे इंजिन थरथरते, आचके देते आणि गाडी नेमकी चौकात बंद पडते. मग ढकलायला दहा जण आणि सल्ला द्यायला वीस जण.

देवगाव रंगारी आणि आजूबाजूच्या खेड्यांत आपल्या समाजातल्या तरुणांच्या दारात आता जुनी चारचाकी दिसते. कोणाची मारुती ओम्नी, कोणाची मारुती ८००, कोणाची जीप. ही गाडी घराची शोभा नाही, ती पोटापाण्याची आहे. मंडपाचे सामान, भाजीपाला, ध्वनिक्षेपक, आणि अडीअडचणीला शेजारच्या बाळंतिणीला दवाखान्यात नेणे. बहुतेक वेळा तिच्यात आईच्या नाहीतर बायकोच्या बचत गटाचे पैसे गुंतलेले असतात. म्हणून काटा नाचू लागला की मालकाच्या पोटात गोळा येतो, आणि घाबरलेल्या माणसाला मोठा खर्च सांगणे सोपे असते.

अशाच एका ओम्नीची हकिकत सांगतो. मालक तरुण, ध्वनिक्षेपकाचा धंदा करणारा. गाडी रस्त्याने पळत असली की काटा तळाशी, गावात येऊन उभी राहिली की अर्ध्याच्या वर, आणि दिवे लावले की काटा आणखी उडी मारी. उभ्या गाडीची रेस आपोआप कमी-जास्त होई. पेट्रोलही जास्त लागू लागले होते. एका गॅरेजात सीट उचलून दोन मिनिटे पाहिले आणि निदान सांगितले: हेड गेले आहे, इंजिन उतरवावे लागेल, वीस-बावीस हजारांची तयारी ठेवा. त्याच्या आईने त्याच संध्याकाळी बचत गटात कर्जाचा विषय काढला.

ते कर्ज काढावे लागले नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम केलेला वस्तीतलाच एक मुलगा म्हणाला, आठ दिवस थांबा, आधी काटा केव्हा कुठे असतो ते लिहून ठेवा. मला इंजिनातले फारसे कळत नाही, पण नोंदवही ठेवणे हा माझा रोजचा धंदा. एका बाजूला वेळ आणि रस्ता, दुसऱ्या बाजूला काटा आणि रेस. आठ दिवसांत वहीची चार पाने भरली आणि त्या चार पानांतच दोष सापडला. दोष दोन होते, दोन्ही स्वस्त होते आणि हेडशी त्यांचा काहीच संबंध नव्हता.

हे समजून घ्यायचे तर काटा काय सांगतो ते आधी पाहिले पाहिजे. इंजिनात जे पेट्रोल जळते त्यातल्या उष्णतेचा ढोबळ मानाने चौथाई-तिहाई भागच चाकांना मिळतो. तेवढाच धुराड्यातून जातो आणि जवळजवळ तेवढाच इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला घ्यावा लागतो. हे पाणी पंप फिरवतो, रेडिएटरमध्ये ते निवते आणि परत येते. या वाटेवर एक छोटा दरवाजा असतो, त्याचे नाव थर्मोस्टॅट. त्याच्या पोटात मेणाची कुपी असते. मेण तापून फुगले की दरवाजा उघडतो, निवले की बंद होतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तो ८२ ते ८८ अंश सेल्सिअसच्या सुमारास उघडतो. नेमका आकडा त्याच्या पत्र्यावर कोरलेला असतो.

आता आपल्या भागातली एक खोड सांगतो. गाडी एकदा गरम झाली की मिस्त्री पहिले काम करतो ते थर्मोस्टॅट काढून फेकण्याचे. त्याचे म्हणणे असे की हा दरवाजा थंड मुलखासाठी आहे, आपल्याकडे एवढे ऊन, आपल्याला काय करायचा? ऐकायला पटते. पण बाहेर ४२ अंश असले काय आणि १२ असले काय, इंजिनाला आतून ऐंशी-नव्वद अंश लागतात. त्याखाली पेट्रोल नीट जळत नाही, तेल पातळ होत नाही, झीज वाढते. दरवाजाच नसेल तर गाडी पळताना पाणी गरजेपेक्षा जास्त निवते, काटा तळाशी जातो. उभी राहिली की वारा थांबतो आणि काटा चढू लागतो. आमच्या वहीत नेमके हेच लिहिलेले होते: शिऊर बंगल्याच्या रस्त्याला काटा खाली, बाजारात उभी असताना वर. पाना लावून घर उघडले तेव्हा आत थर्मोस्टॅट नव्हताच. आधीच्या मालकाच्या काळात कोणीतरी काढून टाकलेला.

याचा रेसशी संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध जवळचा आहे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन जे हळू फिरत राहते त्याला मेकॅनिक 'आयडल' म्हणतात, आपले ड्रायव्हर 'स्लो' म्हणतात. साधारण मिनिटाला आठशे ते हजार फेरे. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल आणि थोडी जास्त रेस लागते, तापलेल्याला कमी. २००० सालाच्या सुमारापर्यंतच्या मारुतीत कार्ब्युरेटर होता आणि थंड गाडीला ड्रायव्हर हाताने चोक ओढत असे. नंतरच्या गाड्यांत इंजेक्टर आले आणि चोकचे काम संगणकाच्या डबीकडे गेले. ही डबी डोळ्यांनी पाहत नाही. पाण्यात बुडालेला एक सेन्सर तिला सांगतो की इंजिन थंड आहे की गरम. थर्मोस्टॅट नसलेल्या गाडीत तो सारखे 'थंड, थंड' म्हणत राहतो. मग डबी पेट्रोल जास्त सोडते, रेस चढवते. गाडी उभी राहून पाणी तापले की ती रेस उतरवते. याला आपण म्हणतो, गाडी वरखाली होते. पेट्रोल जास्त का लागते आणि धुराड्याला काळी काजळी का धरते, याचेही उत्तर यातच आहे.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्यावी. बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डवरच्या काट्याचा सेन्सर वेगळा आणि डबीचा सेन्सर वेगळा असतो. काट्याच्या सेन्सरला एकच वायर असते, डबीच्या सेन्सरला दोन. काटा बरोबर दाखवतो म्हणजे डबीलाही बरोबर कळते असे नाही. मिस्त्री काट्याचा सेन्सर बदलून देतो, पैसे घेतो आणि रेस होती तशीच राहते, हे बऱ्याच जणांच्या अनुभवाचे आहे.

दुसरा दोष विजेचा होता. दिवे लावताच काटा उडी मारी, हे वहीत सात वेळा लिहिलेले होते. आता विचार करा, इंजिनातले तीन-चार लिटर पाणी एका सेकंदात वीस अंशांनी तापेल का? चुलीवर हंडा ठेवणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, ती हसेल. काटा क्षणात उडतो तेव्हा पाणी तापलेले नसते, विजेची वाट बिघडलेली असते. काट्याचा सेन्सर तापला की त्याचा विरोध कमी होतो, वीज जास्त वाहते आणि काटा वर जातो. ही वीज इंजिनाच्या लोखंडातून परत बॅटरीच्या ऋण टोकाला जाते. ती वाट म्हणजे अर्थिंगची पट्टी. ती सैल असेल, गंजली असेल, रंगावर आवळलेली असेल तर दिव्याची, पंख्याची आणि सेन्सरची वीज त्या एकाच अरुंद वाटेने धक्काबुक्की करत जाते. काटा उडतो आणि डबीलाही खोटे आकडे मिळतात. या ओम्नीत ॲम्प्लिफायरच्या वायरी जोडताना कोणीतरी अर्थिंगचा बोल्ट काढला होता आणि परत आवळताना पट्टीखाली रंग आणि माती तशीच ठेवली होती. पॉलिश पेपरने घासून, पट्टी बदलून, बोल्ट आवळला आणि उडी बंद झाली. ध्वनिक्षेपकाचा धंदा करणाऱ्या बांधवांनी ही जागा आजच पाहून घ्यावी.

ही तपासणी घरी करता येते. इंजिन चालू ठेवून दिवे आणि पंखा लावा. मल्टिमीटरची एक टोचणी बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरा. आकडा शून्य पूर्णांक दोन व्होल्टच्या आत असावा. अर्धा व्होल्ट आला तर अर्थिंग खराब समजा. काट्याच्या सेन्सरची वायर काढली की काटा थंडावर जाऊन पडला पाहिजे. तीच वायर गाडीच्या छोट्या बल्बमधून लोखंडाला टेकवली की काटा हलला पाहिजे. हलला तर काटा चांगला, दोष सेन्सरमध्ये. नवा सेन्सर बसवताना आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप गुंडाळू नये. त्याला परतीची वीज त्याच आट्यांतून मिळते, टेपने ती तुटते.

डबीच्या सेन्सरची परीक्षा सकाळी घ्यावी. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत पाणी आणि हवा यांचे तापमान एकच असते. स्कॅनर बसत असेल तर त्यावर पाण्याचा आकडा पाहा. बाहेर २५ अंश असताना तो उणे किंवा सत्तर दाखवत असेल तर आणखी पुरावा कशाला हवा? जुन्या गाडीला स्कॅनर लागत नसेल तर सेन्सरचा प्लग काढून मल्टिमीटरने विरोध मोजा. थंड असताना साधारण दोन-अडीच हजार ओहम, ऐंशी अंशांना तीनशेच्या आसपास.

आता खऱ्या तापण्याकडे येऊ, कारण प्रत्येक वेळी काटा खोटे बोलत नाही. उभ्या गाडीत काटा हळूहळू चढत जातो आणि गाडी पळू लागली की उतरतो, तर रेडिएटरचा पंखा पाहा. तो नव्वदीच्या पुढे आपोआप लागला पाहिजे. फ्यूज, रिले आणि स्विच हे तिघे त्याचे मालक. मिरवणुकीला निघण्याआधी गाडी अर्धा तास उभी चालू ठेवून पंखा लागतो की नाही हे पाहणे एवढी एकच तयारी चौकातली फजिती वाचवते. उलट, उभी असताना ठीक आणि चढावर काटा वर, तर पाणी कमी आहे, पट्टा सैल आहे, पंप गेला आहे किंवा रेडिएटर क्षाराने भरला आहे. आपल्याकडे बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतले जाते. घरच्या पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो.

देवगावहून छत्रपती संभाजीनगरला जाताना वेरूळच्या पुढे खुलताबादचा चढ लागतो. रेडिएटर कसा आहे हे तो चढ सांगतो. मग दौलताबादला उतरल्यावर ड्रायव्हर डबा घेऊन पाणी शोधतो. याच वाटेवर १९३४ साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. दौलताबाद किल्ल्याच्या दारातल्या हौदावर प्रवासाची धूळ धुतली म्हणून पाणी बाटवल्याचा गहजब झाला आणि किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवणार नाही या अटीवर त्यांना आत सोडले गेले. हे त्यांनीच लिहून ठेवले आहे. आज आपला पोरगा त्याच दौलताबादला स्वतःच्या गाडीसाठी पाण्याचा डबा भरून घेतो आणि कोणी जात विचारत नाही, तेव्हा मला हौदाची ती गोष्ट आठवते.

सर्वांत धोक्याची खूण उलटी असते. काटा वर चढत होता आणि एकाएकी थंडावर येऊन बसला, तर 'बरे झाले, निवली' म्हणून पुढे जाऊ नये. पाणी इतके कमी झाले की सेन्सर उघडा पडला, त्याला पाणी लागतच नाही, म्हणून तो थंड दाखवतो. तिथेच गाडी बाजूला घेऊन बंद करावी. आणखी दोन किलोमीटर ओढली तर हेड खरोखर जाते. पाण्यात हवेचे बुडबुडे अडकले तरी काटा असाच वरखाली होतो आणि रेसही हेलकावे खाते. पाणी बदलल्यावर इंजिन चालू ठेवून, झाकण उघडे ठेवून, थंडपणापासून हवा निघेपर्यंत भरत राहावे लागते. घाईत हे केले जात नाही.

ज्यांच्या गाडीला एलपीजीचे किट आहे त्यांच्यासाठी आणखी एक. द्रव गॅसचे वायूत रूपांतर करणाऱ्या रिड्यूसरला इंजिनाच्याच गरम पाण्याची नळी दिलेली असते. पाणी कमी झाले की त्याला ऊब मिळत नाही, त्यावर बर्फासारखे दव धरते आणि गाडी स्लोला टिकत नाही. लोक किटला दोष देतात, दोष पाण्यात असतो. आणि घरगुती सिलिंडर गाडीला जोडणे किंवा त्यातून गॅस भरणे हा गुन्हा तर आहेच, पण मागच्या सीटवर आपलीच मुले बसलेली असतात. यावर जास्त लिहीत नाही.

पाणी, थर्मोस्टॅट, अर्थिंग आणि सेन्सर ठीक असूनही रेस बिघडलेली असेल तर मग थ्रॉटलवरची काजळी साफ करून घ्यावी, हवेच्या रबरी नळ्यांना चीर आहे का पाहावे. चिरेतून 'स्स्स' असा आवाज येतो. साबणाचे पाणी लावून ओली केली की रेस बदलते, म्हणजे चीर तिथेच. काही जण तिथे पेट्रोल शिंपडून पाहतात. गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडणाऱ्याला गॅरेजातून हाकलून द्यावे. कार्ब्युरेटरच्या गाडीत आयडलचा जेट कचऱ्याने बंद होतो, चोक अर्धवट अडकतो. स्क्रू पिळत बसण्याआधी ही दोन पाहावीत.

हेड खरोखर गेले आहे का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. गाडी पूर्ण थंड असताना तेलाचे झाकण काढा. खाली दुधाच्या सायीसारखा चिकट थर दिसला तर तेलात पाणी शिरल्याची शंका घ्यावी. फार थोडे चालवलेल्या गाडीत थोडे दव जमते, ते वेगळे. थंड रेडिएटरचे झाकण उघडून इंजिन चालू केल्यावर बुडबुडे थांबतच नाहीत, धुराड्यातून गरम झाल्यावरही पांढरी वाफ येत राहते, पाणी रोज कमी होते पण कुठे गळत नाही, यांपैकी दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तर मिस्त्री खरे सांगतो आहे. एकही नसेल तर इंजिन उतरवायला परवानगी देऊ नये. भगवान बुद्धांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितले की परंपरेने आले म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, तपासून पाहा. मिस्त्री तर गुरूही नव्हे. बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्या बांधवांना विनंती, तो रुपया कूलंटच्या खात्यात जमा करावा. लिंबाला अर्थिंग दिसत नाही.

बाबासाहेब १९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा कामगारांच्या तांत्रिक प्रशिक्षणाचे काम त्यांच्या खात्याकडे होते. आपल्या मुला-मुलींनी आयटीआयकडे 'मार्क कमी पडले म्हणून' जाऊ नये, असे मला वाटते. वस्तीत एक मल्टिमीटर आणि तो वाचणारे एक पोर असेल तर किती बचत गटांचे कर्ज वाचेल, हा हिशेब वाणिज्य शाखेच्या माणसाला चटकन कळतो. त्या ओम्नीला नवा थर्मोस्टॅट, अर्थिंगची पट्टी आणि कूलंट एवढेच लागले. खर्च शेकड्यांत झाला.

घरातल्या मंडळींसाठी चार शब्द. थर्मोस्टॅट तपासायचा तर पातेल्यात पाणी घेऊन तो दोरीने लोंबता सोडावा आणि पाणी तापवावे. उकळीच्या आधी तो उघडताना दिसतो. पातेले मात्र स्वयंपाकाचे घेऊ नये. रेडिएटरचे झाकण कुकरच्या झाकणासारखे दाब धरून ठेवते, म्हणून आतले पाणी शंभरावर उकळत नाही, ११५-१२० अंशांपर्यंत द्रवच राहते. गरम असताना झाकण फिरवले की ते सगळे एकदम वाफ होऊन तोंडावर येते. इंजिन थंड व्हायला अर्धा-पाऊण तास द्यावा, वरची नळी हाताला कोमट लागल्यावर जाड फडक्याने झाकण हळू सैल करावे. भाजलेच तर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये आणि तोंड-डोळे भाजले असतील तर थेट दवाखाना गाठावा.

कूलंट निम्मे आणि बॅटरीचे शुद्ध पाणी निम्मे, असे मिसळून भरावे. डब्यावर 'तयार' असे लिहिले असेल तर पाणी घालू नये. कूलंट चवीला गोड आणि पोटात गेले तर विषारी असते, मूत्रपिंड निकामी करते. रंग सरबतासारखा हिरवा किंवा गुलाबी. म्हणून ते पाण्याच्या जुन्या बाटलीत ओतून घरात ठेवू नये, आणि काढलेले कूलंट अंगणातल्या खड्ड्यात सोडू नये. शेळ्या आणि कुत्री ते चाटतात. डब्यात भरून, झाकण लावून गॅरेजवाल्याकडे द्यावे.